पान क्रमांक विचारणाऱ्या बाई

आमच्या बाई मोठ्या माणसांची पुस्तकं वाचत नसत. वय पंचावन्न, केस निम्मे पांढरे, शाळेत मराठी शिकवण्याची तीस वर्षं मागे टाकलेली, आणि हातात कायम बारा-पंधरा वर्षांच्या पोरांसाठी लिहिलेली एखादी कादंबरी. एकदा नव्या शिक्षिकेने त्यांना विचारलं, "तुम्ही आपल्या वयाचं काही वाचत नाही का?" बाई म्हणाल्या, "मोठ्यांच्या कादंबरीत काय असतं? मोठी झालेली माणसं. त्यांचं आता काय व्हायचं राहिलंय? भांडतील, नाहीतर मरतील." त्या शिक्षिकेने पुन्हा असला प्रश्न विचारला नाही.

आमची शाळा तलासरीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडी आत. मुलींचं वसतिगृह शाळेला लागूनच होतं. बाई रोज डहाणूहून एसटीने यायच्या. बसल्या बसल्या पुस्तक उघडलं की त्यांना गाव, नदी, थांबा काही कळायचं नाही. ओळखीचा कंडक्टर असला तर तो हाक मारायचा, "बाई, पुस्तक मिटा, शाळा आली." नवा कंडक्टर असला की बाई थेट तलासरीच्या स्टँडवर. मग जीप पकडून दुसऱ्या तासाला वर्गात हजर, आणि चेहऱ्यावर लाज म्हणून नाही. "पोरगं विहिरीत उतरलं होतं गं. त्याला वर काढल्याशिवाय मी बसमधून कशी उतरणार?" असं म्हणून त्या हजेरी घ्यायला लागायच्या.

बाई मच्छीमारांच्या घरातल्या. बाप बोटीवर जायचा, आई डहाणूच्या बाजारात मासळी विकायची. त्यामुळे त्यांच्या पिशवीत पुस्तकांच्या शेजारी सुक्या बोंबलांची पुडी हमखास असे. ती आम्हा वसतिगृहातल्या पोरींसाठी. परिणाम असा झाला, की आमच्या शाळेच्या वाचनालयातल्या झाडून सगळ्या पुस्तकांना सुकटीचा वास होता. आमच्यापैकी कित्येकींना वाचनाची गोडी त्या वासाने लागली, हे मी आज कबूल करते.

वाचनालय म्हणजे एका वर्गाच्या कोपऱ्यातली दोन लोखंडी कपाटं. प्रत्येक पुस्तकाला बाईंनी खाकी कव्हर घातलं होतं. मुखपृष्ठ दिसता कामा नये असा त्यांचा दंडक. कारण काय, तर चित्रकार शेवट फोडतो. "वर मुलगी डोंगरावर उभी राहून सूर्याकडे बघताना काढली, की संपलं. मग ती आत कितीही रडू दे, तुम्हाला ठाऊकच असतं ती डोंगरावर पोचणार."

पण बाईंचं खरं वेड वेगळंच होतं. पुस्तक परत करायला गेलं की त्या आवडलं का, बोध काय घेतला, असलं काही विचारत नसत. त्यांचा एकच प्रश्न असे. "कुठल्या पानावर मोठा झाला?" मुलगी असेल तर, कुठल्या पानावर मोठी झाली? पान क्रमांक सांगायचा आणि का ते सांगायचं. तुम्ही सांगाल तो आकडा बाई पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, तुमच्या नावाच्या आद्याक्षरापुढे, पेन्सिलीने बारीक लिहून ठेवायच्या. पेन्सिलही इतकी हलकी टेकवायच्या, जणू कागदाला दुखेल.

याचे नियम होते. शेवटचं पान सांगायचं नाही, तो आळस. कोणी मेलेलं पान सांगायचं नाही. "माणूस मेलं की पोर मोठं झालं, ही लेखकांची सवय आहे," बाई म्हणायच्या. "माझा बाप दर्यावरून परत आला नाही, तेव्हा मी वर्षभर लहान झाले होते. आईच्या पदराला धरून बाजारात जायचे. तेरा वर्षांची घोडी." मुलीची पाळी सुरू झाली म्हणून ती मोठी झाली असं लिहिलेलं एक पुस्तक होतं. तेही पान बाद. ते शरीराचं वेळापत्रक आहे, त्यात तिने काय केलं, असं बाई भर वर्गात म्हणाल्या आणि आम्ही बाकाखाली तोंडं लपवली.

एका लेखकाला त्यांनी पोस्टकार्डही पाठवलं होतं. ते टाकायच्या आधी आम्हाला वाचून दाखवलं. "आपण आपल्या नायिकेला पान एकशे चाळीसवर मोठी केली आहे. परंतु आमच्या वसतिगृहातील अकरा मुलींच्या मते ती पान बत्तीसवरच मोठी झाली होती. पुढची शंभर पाने आपण तिला उगाच दमवले आहे." उत्तर आलं नाही. बाईंनी बरेच दिवस वाट पाहिली.

मी आठवीत त्या वसतिगृहात आले, दोन हजार पंधरा साली. आमचं घर आत पाड्यावर. आयस-बापूस चिकूच्या हंगामात घोलवडच्या वाड्यांवर तोडणीला जायचे. मला पहिलंच पुस्तक मिळालं ते एका शहरातल्या मुलाचं. तो मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे जातो आणि तिथे शहाणा होतो. वाचून मी चक्रावलेच. परत करताना बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, तर मी म्हटलं, "बाई, हा पोरगा चौदा वर्षांचा हाय. येवढा होईस्तोवर मोठा झालाच नव्हता?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तू कधी झालीस?"

मी सांगितलं. मी आठ वर्षांची होते तेव्हा भाऊ झाला, आणि पंधराव्या दिवशी आयस वाडीवर कामाला गेली. मग भाऊ माझ्याकडे. त्याला पाठीला बांधायचा, भात शिजवायचा, पाणी आणायचं. मी हे सांगितलं ते आज कोणती भाजी होती हे सांगावं तसं. आमच्यातल्या निम्म्याजणींची हीच गोष्ट होती. माझ्या शेजारी बसणारी जमना तर शाळेतही धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन फिरायची. ती बहीण आमच्याच वसतिगृहात पहिलीत होती आणि चांगली चालत होती.

बाईंनी पुस्तक उघडलं आणि माझ्या आद्याक्षरापुढे शून्य लिहिलं. म्हणजे पुस्तक सुरू व्हायच्या आधीच. त्या वर्षी आमच्या वर्गात शून्यांची रांग लागली.

नववीत मी तेच पुस्तक पुन्हा वाचलं. या वेळी मी पान एकसष्ट सांगितलं. त्या पानावर मुलाला ताप येतो, मामी त्याच्या कपाळावर हात ठेवते, आणि तो तिचा हात बाजूला करत नाही. बस्स, येवढंच आहे. पहिल्या वेळी मला ते पान दिसलंसुद्धा नव्हतं. मी अडखळत सांगितलं, की बाई, आपलं कोणी केलं तर करू द्यायचं, हे त्याला तिथे जमलं. बाई खुर्चीतून उठल्याच. शून्यापुढे बारीक बाण काढून त्यांनी एकसष्ट लिहिलं आणि मला दोन बोंबील जास्त दिले.

मग त्या दिवशी त्यांनी मला त्यांचं गुपित सांगितलं. निवृत्त झाल्यावर त्यांना एक पुस्तक लिहायचं होतं. मुलांच्या कादंबऱ्यांत मुलं मोठी कशी होतात, आणि ती वाचणाऱ्या आमच्यासारख्या पोरींना ती कधी मोठी झालेली दिसतात, यावर. "पुस्तक तेच असतं गं. पान सरकतं. तेराव्या वर्षी एक, पंधराव्या वर्षी दुसरं. का सरकतं ते मला लिहायचंय." आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही अशा आवाजात त्या बोलत होत्या. लग्न केलं नव्हतं, आई गेली होती, घरात एकट्याच. चार वर्षांचे आकडे जमले होते, दोनशेच्या वर पुस्तकांमागे. मी विचारलं, हे सगळं वहीत उतरवून ठेवलंय का? तर नाही. "वही केली की मी पुस्तकं सोडून वहीच वाचत बसेन." हे असं होतं. मला त्याच वर्षी त्यांनी कपाटांची किल्ली दिली.

दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर तपासणीचं पत्र आलं. आमचे मुख्याध्यापक सर वाईट नव्हते, पण कागदाला फार भ्यायचे. मी खडू आणायला ऑफिसात गेले होते, तेव्हा ते बाईंना म्हणत होते, "बाई, वाचनालयाच्या पुस्तकांवर लिहिलेलं आहे. सरकारी पुस्तकं आहेत ती. तुमचं हे शेवटचं वर्ष. पेन्शनच्या कागदांत शेरा आला तर कुठे फिरत बसाल?" बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. बापसाला मुकादमाने कामावर येऊ नको म्हटलं होतं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तेच आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई तीन दिवस डहाणूला प्रशिक्षणाला गेल्या. शनिवार, रविवार, सोमवार. तपासणी सोमवारी होती.

आमच्याकडे पोरीला एक गोष्ट न शिकवता येते. मोठ्या माणसाचं तोंड उतरलं, की कारण विचारायचं नाही, काम उरकायचं. सांगायची वेळ आली तर ती पोर कसली? रविवारी जेवणं झाल्यावर मी दहाजणींना गोळा केलं. पाच खोडरबर ब्लेडने अर्धे केले. कपाटं उघडली आणि आम्ही ओळीने बसलो. एकीने पुस्तक उघडायचं, दुसरीने पुसायचं, तिसरीने फुंकर मारायची. जमना पुसण्याआधी आकडे मोठ्याने वाचायची, "शून्य... शून्य... चौऱ्याण्णव, ही कोण गं शहाणी?" आणि आम्ही हसायचो. चार तासांत दोनशे पुस्तकं. जमिनीवर खोडरबराचा चुरा पडला तोही झाडून काढला. आकडे आमच्या तोंडातून एकेक करून गेले, पण ते वहीत उतरवून घ्यावेत हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मला तर सगळं माहीत होतं. हे मला अजून टोचतं.

सोमवारी दोन साहेब आले. त्यांनी पाण्याची टाकी पाहिली, संडास पाहिले, जेवले. कपाटं बाहेरूनच बघून एकजण म्हणाले, "पुस्तकं छान ठेवलीत." झाली तपासणी. मला मात्र वाटलं, आपण बाईंना वाचवलं. त्या रात्री मला छान झोप लागली.

मंगळवारी बाई आल्या. पिशवीतून एक पुस्तक काढून कपाटात ठेवायला गेल्या, आणि सवयीने शेजारचं उघडून शेवटचं पान पाहिलं. मग त्याच्या शेजारचं. मग खालच्या कप्प्यातलं. एक पुस्तक घेऊन त्या खिडकीशी गेल्या, पान तिरपं करून उजेडात धरलं. पण त्यांचा हात इतका हलका, की कागदावर वळसुद्धा उठला नव्हता. मग त्या कपाटासमोर जमिनीवरच बसल्या.

"कोणी पुसलं?"

मी पुढे झाले. "मी. मीच सांगितलं सगळ्यांना. तुमच्या पेन्शनच्या कागदावर शेरा आला असता."

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्हाला कशाला त्रास, म्हणून."

मला खरंच वाटलं होतं की बाई पाठीवर हात ठेवतील. घरी, पाड्यावर, वसतिगृहात, मला आजवर शाबासकी मिळाली ती याच गोष्टीसाठी. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या. आवाज नाही, नुसते खांदे. मी पाणी आणायला वळले, तर त्या कडाडल्या. मी त्यांना रागावलेलं पाहिलं ते तेवढंच.

"पाणी नको आणूस. बस इथे. मी सत्तावन्न वर्षांची आहे आणि तू पंधराची. माझी काळजी तू करायची? कोणी सांगितलं तुला? अगं, कोणाकोणाची आई होणार आहेस तू?"

मी त्यांच्यासमोर बसले आणि मलाही रडू आलं. जमनाच्या कडेवरची पोर, आता तिसरीत गेलेली, आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

मधल्या सुट्टीनंतर बाईंनी शिक्षा सांगितली. आम्ही अकराजणींनी महिनाभर, रोज शाळा सुटल्यावर तासभर, मैदानात खेळायचं. पाणी भरायचं नाही, झाडायचं नाही, धाकट्यांना सांभाळायचं नाही, तांदूळ निवडायचे नाहीत. वसतिगृहाच्या मावशी तणतणल्या, तर बाई त्यांना म्हणाल्या, "मग मी निवडते तांदूळ." आणि खरंच पायरीवर ताट घेऊन बसल्या. त्यासाठी त्यांनी महिनाभर रोजची बस सोडली आणि मागच्या बसने अंधार पडता घरी गेल्या.

पहिले दोन दिवस आम्ही मैदानात रेशनच्या रांगेत उभं राहावं तशा उभ्या होतो. काय खेळायचं तेच सुचेना. जमनाने बहीण कडेवर घेऊनच धावायचा प्रयत्न केला. बाई उठल्या, ती पोर तिच्या कडेवरून उतरवून स्वतःजवळ पायरीवर बसवली. जमनाचा तो हात बराच वेळ तसाच वाकडा राहिला होता. तिसऱ्या दिवशी बाईंनी साडी खोचली आणि स्वतः लंगडी घातली. चौथ्या उडीला पडल्या. आम्ही उचलायला धावलो, तर बसल्या जागेवरून ओरडल्या, "उचलायचं नाही. हसायचं." मग आम्ही हसलो, आधी भीत भीत आणि नंतर पोट दुखेपर्यंत. त्या दिवसापासून खेळ सुरू झाला.

ते पुस्तक बाईंनी लिहिलं नाही. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. दोन हजार एकोणीसमध्ये मी डहाणूला कॉलेजात जात होते, तेव्हा एकदा धीर करून त्यांच्या घरी गेले. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्या, ओट्यावर बोंबील वाळत घातलेले, आणि बाई खाटेवर पोरांची कादंबरी वाचत बसलेल्या. मी माफी मागितली. म्हटलं, आमच्यामुळे तुमचं पुस्तक राहिलं. त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "वाईट तर वाटलंच. अजून वाटतं. पण मला दुसरंच वाईट वाटतं गं. पाच वर्षं मी तुम्हाला विचारत बसले, मोठी कधी झाली, मोठी कधी झाली. आणि त्या पाच वर्षांत एकदा म्हणून खेळायला सोडलं नाही. शून्यं लिहून ठेवली नुसती. तेव्हाच वही मिटून उठायला हवं होतं." त्यांच्याकडे वही नव्हती, पण मी ते बोलले नाही. त्यांनी मला चहा केला. मी उठून मदत करायला लागले तेव्हा त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मी परत बसले.

त्या शिक्षेच्या महिन्यातला एक शनिवार मात्र सांगितला पाहिजे. आयस मला भेटायला आली होती. घोलवडहून सुटून, दोन गाड्या बदलून, हातात चिकूची पिशवी. फाटकातून आत आली आणि तिने मला पाहिलं. वेणी सुटलेली, पाय धुळीने माखलेले, मी लंगडी घालत किंचाळत होते. मी जागच्या जागी थिजले. आता ही म्हणणार, येवढी घोडी झालीस, लाज नाय वाटत? पण आयस कुंपणाला टेकून बघत राहिली. खूप वेळ. मग पिशवी पायरीवर ठेवून बाईंपाशी गेली आणि खाली बघत हळूच म्हणाली, "बाई, मी पण खेळू का?"

बाईंनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. "किती वर्षांची आहेस गं तू?"

"ठाव नाय, बाई. हिच्याहून मोठी असन."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "नवा गडी आलाय. राज्य हिच्यावर."

आयसने लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं. डावा पाय उचलला, तोल गेला, पुन्हा उचलला. सगळ्या पोरी सोडून ती सरळ माझ्यामागे लागली. मला वाटलं ही दमेल, हिला लागेल, दिवसभर उभी राहून आलीये, आपण मुद्दाम हळू पळावं. मी मागे वळून पाहिलं. आयस एका पायावर उड्या मारत येत होती आणि हसत होती. तिचं असं हसू मी कधी पाहिलं नव्हतं. मी तोंड फिरवलं आणि जीव तोडून पळाले.